कोच कुठे थांबतो, ते आधी विचारा

वाचकांचे प्रश्न : इटलीचा किनारा आणि आल्प्सची सरोवरं

पुढच्या हंगामाचं बुकिंग सुरू झालं की बडोद्याच्या वाचकांकडून कोच टूरचे, म्हणजे मोठ्या बसने फिरवणाऱ्या ग्रुप सहलींचे, प्रश्न यायला लागतात. या खेपेला बहुतेकांच्या हातात एकाच धर्तीचा कार्यक्रम दिसतो : मिलानला उतरायचं, लिगुरियाचा, म्हणजे इटलीच्या वायव्येचा, समुद्रकिनारा करायचा, तिथून कोमो किंवा माज्जोरे सरोवर, मग आल्प्समधलं गॉटहार्ड ओलांडून स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : दोन कंपन्यांची पत्रकं समोर आहेत, दोन्ही दहा दिवसांची. एकीत नऊ ठिकाणं, दुसरीत चौदा, आणि चौदावाली माणशी तीस हजारांनी स्वस्त. स्वस्तही आणि जास्तही, मग शंका कशाला, असं घरच्यांचं म्हणणं. (रावपुरा)

शंका घ्याच. ठिकाणांची संख्या हा कोच टूरमधला सगळ्यात फसवा आकडा. ‘प्रवेशासह’ असं लिहिलं असेल तरच तिकीट धरलेलं असतं. ‘बाहेरून दर्शन’, ‘फोटो स्टॉप’ म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, आणि ‘पॅनोरमिक टूर’ बऱ्याचदा कोचच्या काचेतूनच होते. चौदातली अशी किती आहेत, त्यांवर पेन्सिलने खुणा करा. अर्धी यादी तिथेच गळेल.

मग त्यातला एक दिवस उचला आणि घड्याळ लावून पाहा. चौदावाल्या पत्रकात बहुधा असा एक दिवस असतो : ‘मिलानहून चिंक्वे तेर्रे, पीसाचा झुकता मनोरा, मुक्काम फ्लोरेन्स.’ चिंक्वे तेर्रे म्हणजे लिगुरियाच्या कड्यांवरची पाच गावं. कोच तिथे शिरत नाही, ला स्पेत्सियाला थांबतो आणि पुढे रेल्वे. मिलान ते ला स्पेत्सिया सुमारे २२० किलोमीटर. वाटेतला थांबा धरून साडेतीन तास. सकाळी साडेआठला निघालात तर बारा वाजले. ला स्पेत्सियापासून पीसा सव्वा तास, पीसाहून फ्लोरेन्स दीड तास. पीसाला कोच मनोऱ्यापाशी जात नाही, शहराच्या कडेच्या कोचतळावर थांबतो. तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत किंवा शटलने जायचं, तेवढंच परत यायचं. रात्रीचं जेवण आठला हवं असेल तर ला स्पेत्सिया तीनला सोडावंच लागतं. म्हणजे चिंक्वे तेर्रेच्या वाट्याला तीन तास आले, त्यातून रेल्वेची वाट पाहणं वजा करा. पाच गावांपैकी एक गाव होतं, तेही दुपारच्या ऐन गर्दीत.

आपल्याकडच्या लोकांना वाटतं की ड्रायव्हरला विनंती केली की तो तासभर जास्त चालवेल. तिथे ते चालत नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदाच १० तास. साडेचार तास चालवल्यावर एकूण ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. रोज सलग ११ तास आराम, जो आठवड्यातून मोजक्या वेळाच ९ तासांवर आणता येतो. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रावर नोंदलं जातं आणि पोलीस रस्त्यात थांबवून तपासतात. त्यामुळे कोच रात्री साडेनऊला हॉटेलवर आला तर दुसऱ्या दिवशी साधारण साडेआठच्या आधी निघत नाही. एका दिवसाचा उशीर असा पुढच्या दिवसाच्या सकाळमधून वसूल होतो, आणि गाळलं जातं ते दिवसातलं शेवटचं ठिकाण.

तीस हजारांचा फरक बहुतेक वेळा हॉटेलच्या जागेत मुरलेला असतो. ‘लेक कोमो परिसर’ लिहिलेलं हॉटेल मिलानच्या उपनगरात, हमरस्त्याच्या कडेलाही निघू शकतं. हॉटेलचं नाव आत्ता देता येत नसेल तर गावाचं नाव लेखी मागा. दोन्ही कंपन्यांना हेही विचारा की प्रत्येक गावी कोच नेमका कुठे थांबतो, तिथून पुढे चालत, बोटीने की रेल्वेने, त्याचं तिकीट रकमेत धरलंय का, आणि स्थानिक गाइड कुठे कुठे आहे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण इटलीत स्थळं समजावून सांगायला परवानाधारक गाइड लागतो. आपला टूर मॅनेजर कितीही जाणकार असला तरी तिथे माहिती देत बसू शकत नाही. ज्या कंपनीची उत्तरं नेमकी येतील तिला तीस हजार जास्त द्यायला आमची हरकत नाही.

प्रश्न : आई ७३ वर्षांची. काठी घेऊन सपाटीवर अर्धा तास चालते, पायऱ्यांना त्रास होतो. चिंक्वे तेर्रेचा दिवस झेपेल का, की तिला हॉटेलवर ठेवावं? (मांजलपूर)

हॉटेलवर ठेवू नका. गाव नीट निवडा.

मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नीलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती पाच गावं. समुद्रावर तुटणाऱ्या कड्यांवर बसलेली, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. मोठा कोच यांतल्या कुठल्याही गावात शिरत नाही. तो ला स्पेत्सियाला थांबतो आणि पुढे लोकल रेल्वे. रिओमाज्जोरे आठ-दहा मिनिटांवर, त्यापुढचं प्रत्येक गाव तीन-चार मिनिटांवर. हंगामात गाडी भरून येते, डब्यात चढायची उंच पायरी असते आणि दरवाजा थोडा वेळच उघडा राहतो. आईच्या पुढे एक जण, मागे एक जण असं चढा.

आईसाठी मोंतेरोस्सो. पाचांत तेच त्यातल्या त्यात सपाट, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर समुद्र आणि लगेच बाकं. जुन्या भागात जायला पादचाऱ्यांना बोगदा आहे, चढ नाही. दुसरं गाव जमत असेल तर वेर्नात्सा. स्टेशन थेट मुख्य गल्लीवर उघडतं आणि ती गल्ली हलक्या उताराने बंदरावर जाते. येताना तोच उतार चढ होतो, एवढं लक्षात ठेवा. मानारोला आणि रिओमाज्जोरेचे फोटो सगळ्यांत देखणे, पण ती दोन्ही उभी गावं आहेत. कोर्नीलियाचं स्टेशन खाली समुद्रालगत आणि गाव वर डोंगरावर. मध्ये ३८० च्या आसपास पायऱ्या. छोटी बस वर जाते, पण ती भरलेली असली की पुढच्या बसची वाट पाहण्यात अर्धा तास जातो. तीन तासांच्या भेटीत कोर्नीलिया घालणारा कार्यक्रम कागदावर बसून आखलेला असतो.

पत्रकात ‘बोटीने’ असेल तर पर्याय काय, ते विचारून घ्या. लाटा वाढल्या की बोटी रद्द होतात, आणि ते त्या दिवशी सकाळीच कळतं. धक्क्यावर उतरायला अरुंद फळी असते, खलाशी हात देतात, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती फळी अवघड जाते. कोर्नीलियाला बंदरच नाही, त्यामुळे तिथे बोट थांबत नाही.

घरातल्या तरुण मंडळींना गावांमधल्या पायवाटांवर जायचं असेल तर चपला-फ्लिपफ्लॉप चालत नाहीत, दंड होतो. रिओमाज्जोरे ते मानारोला ही ‘व्हिया देल्लामोरे’ नावाची कड्यावरची वाट दरडीमुळे बरीच वर्षं बंद होती. २०२४ साली ती पुन्हा उघडली, पण वेळ राखून तिकीट काढावं लागतं. ग्रुपबरोबर ऐनवेळी ‘चला जाऊ या’ म्हणून जमणार नाही.

याच किनाऱ्यावरच्या पोर्तोफिनोचंही तेच. सांता मार्गेरिताहून पुढचा रस्ता डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये चिंचोळा आहे, कोच तिथेच सोडून पंधरा मिनिटांची बोट घ्यायची.

प्रश्न : कोमो, माज्जोरे आणि गार्दा यांतलं एकच सरोवर निवडायचं आहे. सासूबाईंना बोट लागते, मळमळतं. (अलकापुरी)

बोट लागते म्हणताय तर सरोवराइतकीच वेळही निवडा. ही सरोवरं हिमनद्यांनी कोरलेल्या लांबट खोऱ्यांत आहेत, दोन्ही बाजूंना डोंगर. दुपारी उतार तापले की दक्षिणेकडून वारा खोऱ्यात चढतो. कोमोवर त्याला ब्रेवा म्हणतात, गार्दावर ओरा, माज्जोरेवर इन्व्हेर्ना. पहाटे उलटा, डोंगरांकडून खाली येणारा वारा असतो आणि तो सकाळी ओसरतो. दोन्हींच्या मध्ये, साधारण नऊ ते साडेअकरा, पाणी बहुधा शांत असतं. दुपारी तीनची बोट आणि सकाळी दहाची बोट यांत सासूबाईंच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडेल. टूरमध्ये बोट दुपारी असेल तर मोठ्या फेरीबोटीच्या खालच्या मजल्यावर, मधोमध बसवा. उघडी छोटी मोटरबोट टाळा.

आता सरोवरं. कोमो ४०० मीटरहून खोल. पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून १९८ मीटरवर, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली जातो. एवढं पाणी हिवाळ्यात हळूहळू ऊब सोडतं, म्हणून आल्प्सच्या पायथ्याशी ऑलिव्ह आणि लिंबं पिकतात. आकार उलट्या ‘वाय’सारखा, आणि जिथे फांद्या फुटतात तिथे बेल्लाजिओ. काठचे रस्ते इतके अरुंद की समोरासमोर दोन कोच आले तर एकाला मागे सरकावं लागतं. शहाण्या टूर कंपन्या कोच वारेन्ना गावात ठेवतात आणि पंधरा मिनिटांच्या फेरीने बेल्लाजिओला नेतात. बेल्लाजिओच्या गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच. पायऱ्या नको असतील तर धक्क्यालगतचा काठ फिरा. कोमो शहरातून ब्रुनातेला जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगररेल्वे, १८९४ पासून चालू आहे. पत्रकात नसली तरी मोकळ्या वेळात होते.

माज्जोरेला स्त्रेसापाशी कोच अगदी काठापर्यंत येतो आणि इझोला बेल्ला बेट पाच-दहा मिनिटांवर. बोटीचा सगळ्यात थोडा वेळ इथे. बेटावर बोर्रोमेओ घराण्याचा महाल आणि दहा टप्प्यांची बाग आहे, त्यात चढउतार आहेच. गार्दा इटलीतलं सगळ्यात मोठं, सुमारे ३७० चौरस किलोमीटर. सिर्मिओनेचा किल्ला सुंदर आणि बोटीशिवायही पाहता येतो, पण तो दक्षिण टोकाला आहे आणि तिथे आल्प्स लांब दिसतात. डोंगर अंगावर यायला हवे असतील तर गार्दाचा उत्तर भाग घ्यावा लागतो, जो ग्रुप टूर सहसा घेत नाहीत.

तुमच्या घरासाठी माज्जोरे. डोळ्यांना काय जास्त भावेल म्हणाल, तर कोमो.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे दिवाळीची सुटी किंवा मे, एवढंच शक्य आहे. दिवाळीत भाडं कमी आहे. (फतेहगंज)

भाडं कमी का आहे ते पाहा. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. त्याआधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, युरोपची घड्याळं तासाने मागे जातात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिलानच्या बाजूला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चिंक्वे तेर्रेच्या प्रवासी बोटी नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, सरोवरांवर हिवाळी वेळापत्रक लागतं आणि फेऱ्या निम्म्यावर येतात. काठचे बरेच महाल, बागा आणि बेल्लाजिओची बहुतेक हॉटेलं दारं लावून घेतात. लिगुरियात ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच मोठ्या पावसाचा काळ. २५ ऑक्टोबर २०११ ला एका दिवसाच्या पावसाने वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत चिखल-दगडांचा लोंढा घुसला होता. स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस या बर्फाच्या शिखरावर जाणारी केबल कारही नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अनेकदा वार्षिक दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. तारखा पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

दिवाळीतच जायचं तर किनारा आणि सरोवरं वगळून फ्लोरेन्स, रोम, व्हेनिस अशी शहरांची टूर घ्या. पावसात संग्रहालयं पाहता येतात.

मे या टूरसाठी उत्तम. तोही शेवटच्या आठवड्याच्या जवळ जितका जाईल तितका बरा. एकच अडचण गॉटहार्डच्या बोगद्याची. १९८० साली उघडलेला, जवळजवळ १७ किलोमीटरचा हा रस्ताबोगदा एकाच नळीचा आहे, दोन्ही दिशांची वाहतूक त्यातूनच. मे-जूनमध्ये येणाऱ्या ख्रिस्ती सणांच्या जोडसुट्यांना त्याच्या तोंडाशी काही किलोमीटरची रांग लागते. तुमच्या टूरमध्ये गॉटहार्डचा दिवस शनिवारी येतोय का, ते बघा. वरचा घाटरस्ता बऱ्याचदा मेअखेरपर्यंत बर्फाने बंद असतो, तेव्हा तो पर्याय धरू नका.

प्रश्न : टूरमध्ये इटली आणि स्वित्झर्लंड दोन्ही. व्हिसा कुठल्या देशाचा, आणि कधी अर्ज करावा? (दांडिया बाजार)

रात्री मोजा. जिथे जास्त रात्री त्या देशाचा. सारख्या असतील तर जिथे आधी शिराल त्याचा. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे एक व्हिसा पुरतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवस. नियमात निर्णयाला १५ दिवस लिहिले असले तरी तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मेच्या टूरसाठी एप्रिलमध्ये अहमदाबादची अपॉइंटमेंट शोधणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. जानेवारी-फेब्रुवारीतच उरका. प्रौढांना शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, वर केंद्राचा सेवाआकार.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोंचा. ज्येष्ठांचा विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. न सांगितलेल्या आजाराचा दावा फेटाळला जातो, आणि सांगितलेला आजार पॉलिसीत धरलाय का हेही वाचून घ्या. बँक खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरली तर ती खटकते. आलीच असेल तर कुठून आली त्याचा कागद जोडा. बोटांचे ठसे पाच वर्षांच्या आत दिले असतील तर बहुधा पुन्हा जावं लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरही नव्या प्रणालीत ठसे आणि फोटो घेऊ लागले आहेत, म्हणून विमानतळावरच्या रांगेला तासभर जास्त धरा.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. बरोबर काय नेता येईल आणि तिथे काय खावं? (सयाजीगंज)

आधी काय नेता येणार नाही ते. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये बाहेरच्या देशातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर हे सगळं त्यात आलं. तान्ह्या बाळाच्या दूधपावडरीला सूट आहे. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत. आंबा नको, कढीपत्त्याची जुडीही नको. केळी, नारळ, खजूर, अननस यांना मुभा आहे. खाकरे, थेपले, भाकरवडी, कोरडा चिवडा, लोणच्याची बंद बरणी यांना अडचण येत नाही. बरणी मात्र चेक-इन सामानात, आणि दोन पिशव्यांत गुंडाळून. थेपले पाचव्या दिवसापर्यंत टिकवायचे तर दही-दुधी घालू नका, मोहन वाढवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट थेपला वाफ धरतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी.

हॉटेलच्या किटलीत मॅगी शिजवण्याची आपल्याकडची हौस आवरा. धुराची घंटा वाजली तर दंड खोलीच्या बिलात येतो, आणि किटलीला लागलेल्या मसाल्याचाही.

इटलीत ‘व्हेज’ शब्दावर विसंबू नका. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या द्रवाने विरजतात, आणि ते पास्तावर न विचारता भुरभुरलं जातं. पेस्तो ही लिगुरियाचीच हिरवी चटणी : तुळशीच्या जातीचा बाझिलिको, पाइनच्या बिया, ऑलिव्ह तेल, लसूण आणि तेच चीज. रिझोत्तोचा भात बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात, म्हणजे ‘ब्रोदो’त शिजतो. मोंतेरोस्सो तर ‘अच्चुगे’ माशांसाठीच प्रसिद्ध, ते सॉसमध्ये विरघळून दिसेनासे होतात. ‘पांचेत्ता’, ‘स्पेक’, ‘स्त्रुत्तो’ हे डुकराचे प्रकार. कोरडा पास्ता बहुधा रव्याचा आणि बिनअंड्याचा असतो, पिवळसर ताज्या पास्त्यात अंडं. वेटरला म्हणा : ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा ओव्हा, सेंत्सा फोर्माज्जो’. मांस, मासे, अंडी, चीज, चारही वगळून.

ला स्पेत्सियाच्या बेकऱ्यांत फारिनाता मागा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, एवढंच. लाकडाच्या भट्टीत, मोठ्या तांब्याच्या परातीत भाजतात. वरून करपट-कुरकुरीत, आत मऊ, आपल्या बेसनाच्या पुडल्याचा थोरला भाऊ. वर मिरपूड टाकून गरम खायचा, थंड झाला की चामट होतो. साधी फोकाच्चाही, म्हणजे ऑलिव्ह तेलाचा चपटा पाव, चालते, फक्त चीज किंवा मासे लावलेली नाही ना ते बघा. पाणी विकत घेत बसू नका. ‘नॉन पोताबिले’ लिहिलेलं नसेल तर सार्वजनिक नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

प्रश्न : घाटात उलट्या होतात. कोचमध्ये कुठली जागा मागावी? (वाघोडिया रोड)

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, पुढच्या बाजूची. मागच्या चाकांच्या मागे कोचचा जो भाग लोंबतो तो वळणावर सगळ्यात जास्त फिरतो, शिवाय इंजिनाची ऊबही तिथेच. बहुतेक टूरमध्ये जागा रोज बदलत जातात, म्हणून बुकिंगच्या वेळीच कारण लेखी कळवा. निघाल्यावर टूर मॅनेजरपुढे भांडून काही होत नाही, कारण पुढची जागा मागणारे आणखी सहा जण असतात. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तास-दोन तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. पट्टा सर्वांना सक्तीचा आहे. शेवटच्या रांगेत झोपायला गेलेल्यांनाही.

प्रश्न : वडिलांची बायपास झाली आहे. टिटलिसवर न्यावं का? (मकरपुरा)

ते त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, आणि विचारताना हे सांगा : टिटलिसच्या पायथ्याचं एंगेलबर्ग सुमारे १,००० मीटरवर, वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर, आणि ही चढण पाऊण तासाच्या आत होते. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के. शरीराला सवय करायला वेळ मिळत नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं तर वर गेल्यावर पहिली वीस मिनिटं बसून राहायचं, पायऱ्या आणि बर्फातली धावपळ नाही. नाही म्हटलं तर वडिलांसाठी ल्युसर्नच्या सरोवरावरची बोट. त्या दिवशी त्यांना एंगेलबर्गला खाली बसवून ठेवू नका.

प्रश्न : रोख किती न्यावी? आणि कंपनीने टीसीएस म्हणून लावलेली रक्कम परत मिळते का? (कारेलीबाग)

टीसीएस हा तुमच्या पॅनवर आगाऊ जमा झालेला आयकर. विवरणपत्रात दाखवला की करातून वळता होतो किंवा परत मिळतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, बिलावरचा दर भरण्याच्या तारखेचा आहे ना ते पाहा. आई-वडिलांच्या नावाने बिल केलंत आणि ते विवरणपत्र भरत नसतील तर पैसे अडकतील. बिल कोणाच्या पॅनवर हवं ते आधी ठरवा.

एका प्रवासात परकी नोटा ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतात. एवढ्या लागत नाहीत. टूरच्या रकमेत जेवणं धरलेली असतील तर माणशी दोन-अडीचशे युरो सुटे आणि बाकी फॉरेक्स कार्डावर. कार्डाच्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरोच म्हणा, रुपयांचा दर महाग पडतो. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी युरो घेतात, सुटे मात्र फ्रँकमध्ये देतात आणि दरही स्वतःचा लावतात. एक-दोन युरोची आणि फ्रँकची नाणी वेगळ्या बटव्यात ठेवा, स्टेशनांवरच्या स्वच्छतागृहांना तीच लागतात. इटलीत हॉटेलवर दर माणशी दर रात्रीचा शहरकर असतो. तो टूरमध्ये धरलाय का, तेही विचारा. नसेल तर तो काउंटरवर भरावा लागतो.

प्रश्न : सीपॅप यंत्र (झोपेत श्वासाला मदत करणारं) न्यायचं आहे. पिन कुठली? (गोत्री)

दोन बारीक गोल दांड्यांची पिन दोन्ही देशांत चालते. जाड दांड्यांची जर्मन पद्धतीची पिन इटलीत पुष्कळ ठिकाणी बसते, पण स्वित्झर्लंडच्या षटकोनी खोबणीत शिरत नाही. तिथे लोक अडतात. ‘युरोप अॅडॉप्टर’ म्हणून मिळतो तो बहुधा या जाड दांड्यांचाच, म्हणून स्विस पिनेचा वेगळा घ्या. वीज २३० व्होल्ट, ट्रान्सफॉर्मर नको. यंत्र हातातल्या सामानात, डॉक्टरांच्या पत्रासह. खोलीतला प्लग पलंगापासून लांब असतो, तेव्हा दोन मीटरची वायरही टाका.

प्रश्न : बायको खरेदीत रमते. उशीर झाला तर कोच खरंच सोडून जातो? (निझामपुरा)

जातो. कोचतळावर थांबायची वेळ मोजून दिलेली असते आणि ड्रायव्हरच्या तासांचं वर सांगितलंच आहे. टूर मॅनेजर पंधरा-वीस मिनिटं थांबतो, मग उरलेल्या चाळीस जणांना घेऊन निघतो. पुढच्या गावापर्यंतचा खर्च तुमचा. कोचमधून उतरताना तीन गोष्टी करा : कोचच्या पुढच्या काचेचा, नंबरपाटीसकट फोटो, कोचतळाच्या जागेची मोबाइलच्या नकाशात खूण, आणि त्या रात्रीच्या हॉटेलचा पत्ता दोघांच्याही खिशात कागदावर. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. चिंक्वे तेर्रेत चुकामूक झाली तर गल्ल्यांत शोधत फिरू नका. दोघांनीही सरळ गावच्या स्टेशनावर जायचं, आणि ला स्पेत्सियाच्या दिशेची गाडी ज्या फलाटावर येते तिथे उभं राहायचं.